भुलीचा पंप आणि कडेठाण स्टेशन

ऑपरेशन चांगलं झालं तर हात सर्जनचा, पेशंट वाचला तर पुण्याई आईबापांची, आणि शुद्धीवर येताना उलटी झाली तर ती मात्र भुलीच्या बाईमुळे. शिरूर-दौंडकडे माझ्या कामाबद्दल लोकांचं असं स्वच्छ मत होतं. मी भुलीची डॉक्टर. राहायला शिरूरला, आणि आठवड्यातले तीन दिवस दौंडला, स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये. शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला करत एसटी दौंडला पोचायची, आणि कारखाने सुरू असले की उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत रांगत पोचायची. माझ्या मांडीवर एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात एक सिरिंज पंप, एक जाडजूड लॅपटॉप आणि दोघांना जोडणारी केबल. अधूनमधून पंपाची बॅटरी उतरली की पेटी आपली आपण पिकपिक करायची. कंडक्टरनं एकदा विचारलं, पेटीत जिवंत काही नाही ना. मी नाही म्हटलं, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

पेटीची गोष्ट सांगायची तर थोडं मागं जायला हवं. नव्वदीच्या दशकात मी पुण्यात एम.डी. करत होते, तेव्हा आमच्या सरांना एका गोष्टीचं वेड लागलं होतं. भुलीचं औषध, ते दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, हातानं अंदाजे न देता संगणकानं मोजून द्यायचं. संगणकाला पेशंटचं वय, वजन, उंची सांगायची आणि रक्तात औषध किती हवं तेही सांगायचं. मग तो आतल्या आत गणित करून पंपाला हुकूम सोडणार: आता जोरात ढकल, आता हळू, आता थांब. गणितासाठी धरायचं असं, की माणसाचं शरीर म्हणजे नळ्यांनी जोडलेले तीन हौद. एक रक्ताचा, एक स्नायूंचा, एक चरबीचा. औषध पहिल्यात पडतं, उरलेल्या दोघांत झिरपतं, तिथून परत येतं, आणि एका तोटीतून सतत बाहेर वाहत राहतं. या हौदांच्या आणि नळ्यांच्या मापांना म्हणायचं मॉडेल.

हे मॉडेल कितपत खरं बोलतं, हा माझा प्रबंध. ऑपरेशन चालू असताना ठरल्या मिनिटाला रक्त काढायचं, ते गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पळवायचं, आणि पडद्यावरचा आकडा नि रक्तातला खरा आकडा शेजारी शेजारी मांडायचे. ते काही केल्या जुळायचे नाहीत. कधी थोडं वर, कधी बरंच खाली. मी तेव्हा तापट होते, म्हणजे आताही आहेच, पण तेव्हा न जुळणारा प्रत्येक आकडा मला अंगावर घ्यायची सवय होती. सर शांतपणे चहा पीत म्हणायचे, "अगं, मॉडेल म्हणजे सरासरी माणूस. तो आजवर कुणालाच भेटलेला नाही. आणि हे हौद मोजलेत परदेशातल्या धडधाकट लोकांचे. आपला माणूस त्यात बसवताना थोडं सैल शिवायचं."

सर निवृत्त झाले तेव्हा विभागात नवीन यंत्रं येणार होती. जुना पंप आणि लॅपटॉप त्यांनी रीतसर कागद करून माझ्या हवाली केले. नवं शतक नुकतंच लागलं होतं. मोठ्या शहरांतसुद्धा फार थोड्या ठिकाणी असलेली गोष्ट मी दौंडला घेऊन आले, या कल्पनेनं माझी मान त्या दिवसांत जरा जास्तच ताठ असायची.

ती वाकवली ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टरनी.

सिस्टर मूळच्या आमच्या शिरूरच्याच, मिशनच्या आवारात वाढलेल्या, ख्रिस्ती. बारीक, ताठ, कपाळावर एक आठी कायमची. लग्न केलं नव्हतं. नर्सिंग होमच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिच्यात त्या राहायच्या. रविवारी सकाळी पांढऱ्या साडीत प्रार्थनेला जायच्या आणि परत येऊन ओटीतली कात्री-चिमटे उकळायला लावायच्या. नर्सिंग होम सुरू झालं त्या दिवसापासून त्या तिथं होत्या. खुद्द डॉक्टर, म्हणजे आमचे सर्जन आणि मालक, त्यांना थोडे वचकून असायचे.

पहिल्या दिवशी मी पेटी उघडली, केबल जोडली, पडदा उजळला. सिस्टरनी सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, "आन् पेशंट झोपला हे ह्याला कसं कळतं?"

मी म्हटलं, कळत नाही, पण मेंदूत औषध किती पोचलं याचा अंदाज त्याला असतो. सिस्टर बरं म्हणाल्या, पेशंटच्या उशाशी गेल्या, त्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हं, चला पुण्याला. पॅसेंजरनं. सावकाश."

आणि तो माणूस, रेल्वेतला कुणी फिटर होता, डोळे मिटून म्हणू लागला, "दौंड... पाटस... कडेठाण... केडगाव... खुटबाव..."

भुलीला नेताना पेशंटला आकडे मोजायला सांगतात, हे मी शिकले होते. दौंडमध्ये आकड्यांचं काम नव्हतं. तिथं प्रत्येकाला पुण्यापर्यंतची स्टेशनं पाठ. एका श्वासाला एक स्टेशन, हा सिस्टरचा नियम. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर, घोरपडी, पुणे. ज्या स्टेशनला आवाज थांबला, तिथं माणूस उतरला. फिटर यवतला उतरला. सिस्टरनी पापणीला हळूच बोट लावून बघितलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "यवत. करा सुरू."

मला हसू आलं, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं रक्ताचे थेंब मोजून जे मी शोधत होते, ते इथं पॅसेंजर गाडीवर चाललं होतं.

गमती खूप व्हायच्या. एकदा मेल गाडीचा एक गार्ड आला हर्नियासाठी. सिस्टर म्हणाल्या, चला पुण्याला. तो म्हणाला, "दौंड. पुणे." आणि डोळे उघडून आमच्याकडं बघत राहिला. सिस्टरनी मधली स्टेशनं विचारली तर म्हणाला, "मधी आपली गाडी थांबतच न्हाई, सिस्टर." त्याला समजावण्यात इतका वेळ गेला की तोवर औषधानंच निकाल लावला. ऊसतोडीच्या टोळीतला एक गडी पुण्याला पोचून टक्क जागा. त्याला सिस्टरनी परतीच्या गाडीत बसवलं, तो उलट्या क्रमानं लोणीपर्यंत आला तेव्हा कुठं पेंगला. पडद्यावरचा आकडा त्याच्यासाठी आणि फिटरसाठी एकच होता.

सिस्टर त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याच्या घरच्यांसमोर दारूचं विचारलंत तुम्ही. म्हातारी उभी व्हती शेजारी. आईसमोर कोण हो म्हणल?" रोज पिणाऱ्याला भूल जास्त लागते. त्यानंतर मी दारूचं नेहमी एकट्याला विचारू लागले.

हळूहळू मी माझ्या रजिस्टरात एक नवा रकाना आखला. आधी वय, वजन, उंची, पडद्यावरचा आकडा, आणि शेवटी स्टेशन. चेष्टा म्हणून सुरू केलं खरं, पण वर्षभरात मला त्या रकान्याची सवय लागली. पानं उलटताना दिसायचं, की एकाच आकड्याला कुणी केडगावला उतरतंय आणि कुणी हडपसरपर्यंत जातंय. सरासरी माणूस जो कुणालाच भेटला नव्हता, त्याच्यापासून आमचा प्रत्येक माणूस किती लांब आहे, ते त्या रकान्यात लिहिलेलं असायचं. पुण्यात रक्त काढून जे कळायचं तेच, फक्त बर्फाचा डबा न पळवता. शिरूरच्या दवाखान्यातही मी हा प्रयोग करून बघितला, एसटीच्या थांब्यांवर. कारेगाव, रांजणगाव, कोंढापुरी, शिक्रापूर. पण शिरूरचे लोक वाद घालायचे. निमआराम गाडी कोंढापुरीला थांबते की नाही यावर एक मास्तर टेबलावर उठून बसले होते.

खरी अडचण होती वयाची. संगणकाला वय लागायचं, कारण म्हाताऱ्या शरीराला तेवढीच भूल कमी औषधात चढते आणि रक्तदाबही लवकर कोसळतो. आणि आमच्याकडं वय कुणाला ठाऊक? माझ्या रजिस्टरातले निम्मे लोक एक जूनला जन्मलेले. शाळेत घालताना मास्तरांनी पोराला डोक्यावरून हात फिरवून कानाला लावायला सांगायचं, हात पोचला की एक जून ठोकून द्यायची. जे शाळेतच गेले नाहीत त्यांचं वय रेशनकार्ड लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. साठीची बाई खुशाल सांगायची, लिहा की पन्नास, नाहीतर साठ, जे काय लागत असंल ते. मी चिडायचे. संगणकाला "जे काय लागत असंल ते" असं लिहिता येत नव्हतं.

या बाबतीत सिस्टरचा हात कुणी धरला नसता. त्या पेशंटच्या खाटेवर बसायच्या, पान-तंबाखूच्या गप्पा मारायच्या आणि मध्येच विचारायच्या, पानशेत फुटलं तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, तेव्हा थोरला केवढा होता? कडेवर होता की शाळेत जायचा? दोन-चार प्रश्नांत बाई पन्नासवरून चौसष्टवर यायची. सिस्टर मला येऊन आकडा सांगायच्या आणि मी तो संगणकाला द्यायचे. एक जूनवाल्यांचं खरं वय त्यांच्यामुळं माझ्या मॉडेलला कळायचं. मी त्यांना एकदा तीन हौदांचं सगळं समजावून सांगितलं, वय का लागतं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी पाटाचं पाणी. काळं रान धरून ठेवतं, मुरमाड रान पिऊन टाकतं. पाणी सोडणाऱ्यानं रान बघावं." माझ्या प्रबंधाचा सारांश याहून बरा मी केला नव्हता.

ते दिवस मला फार आवडायचे. सकाळच्या दोन केस झाल्या की सिस्टर मागच्या खोलीत चहा टाकायच्या, गवती चहा घालून. खिडकीतून यार्डातल्या मालगाड्यांचे डबे एकमेकांना आपटल्याचा आवाज यायचा. त्या मला रागवायच्या, की मी जेवत नाही, की मी पडद्याकडं बघते आणि माणसाकडं बघत नाही. मी म्हणायचे, पडदा चुकत नाही, त्याला दिलेली माहिती चुकते. हा आमचा रोजचा वाद.

मग एक दिवस ओटीतल्या जुन्या वॉर्डबॉयच्या हातून निर्जंतुक केलेला ट्रे पडला. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांचे हात थरथरायला लागले होते. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी नियम करून टाकला. साठीनंतर ओटीत कुणी नको. आप्पांना त्यांनी प्रेमानं निरोप दिला, शाल-नारळ केला. दुसऱ्या महिन्यात आप्पा नर्सिंग होमच्या गेटसमोरच्या बाकावर येऊन बसू लागले. सकाळी यायचे, दुपारी जायचे. करायला काहीच नव्हतं म्हणून यायचे. सिस्टर खिडकीतून त्यांच्याकडं बघत राहायच्या.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात सिस्टरच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे. ऑपरेशन करायचं ठरलं, तेही आमच्याच ओटीत. पुण्याला जायला त्यांनी साफ नकार दिला. केसपेपर भरायला मी बसले. वजन स्टेशनच्या पार्सल ऑफिसातल्या काट्यावर करून आणलेलं होतं, कारण आमच्या काट्याचा भरवसा नव्हता. उंची मी मोजली. वय विचारलं. त्या म्हणाल्या, "सत्तावन्न लिहा." आणि मी लिहिलं. ना पानशेत विचारलं, ना दुष्काळ. दुसऱ्या कुणाला मी सोडलं नसतं. पण ज्या बाईकडून मी वय काढायला शिकले, ती बाई वय खोटं सांगेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी कपाळावर हात ठेवायला सिस्टर नव्हत्या, त्या टेबलावर होत्या. म्हणून माझाच हात ठेवला. डावा हात त्यांच्या कपाळावर, उजव्या हाताचं बोट कीबोर्डवर. सत्तावन्न टाकलेलं. मी म्हटलं, "चला सिस्टर, पुण्याला."

"पॅसेंजरनं ना?"

"पॅसेंजरनं."

पंप सुरू झाला. सलाईनच्या नळीत पांढरी रेघ सरकली. "दौंड," सिस्टर म्हणाल्या. श्वास घेतला. "पाटस." पुन्हा श्वास. "कडेठाण."

आणि थांबल्या.

मी केडगावची वाट बघत होते. पडद्यावरचा आकडा अजून अगदी खाली होता. आकडा मी पायरीपायरीनं चढवायचे, आणि पहिली पायरीसुद्धा धड पूर्ण झाली नव्हती. हे औषध शिरेत जाताना जळजळतं, त्यानं श्वास रोखला असेल, असं मी मनाशी म्हटलं. सत्तावन्न वर्षांची बाई एवढ्याशा औषधात झोपत नाही, हे मला पाठ होतं. मी आकडा पुढच्या पायरीवर नेला. बोट दाबलं ते मला आजही आठवतं, कारण बोट दाबताना मी पडद्याकडं बघत होते, त्यांच्याकडं नाही.

मॉनिटर ओरडला तेव्हा मी खाली बघितलं. जबडा सैल पडला होता. पापणीला बोट लावलं तर हालचाल नाही. रक्तदाब झरझर उतरत होता. तो आकडा मी अशा माणसांत बघितला होता ज्यांना सिस्टर खाटेवर बसून पानशेत विचारायच्या. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, सत्तावन्न खोटं होतं. पंप थांबवला. सलाईन पूर्ण सोडलं, पाय वर घेतले, रक्तदाब चढवणारं इंजेक्शन दिलं, मास्क चेहऱ्यावर दाबून धरून श्वास देत राहिले. डॉक्टर हात धुऊन तसेच दारात उभे राहिले. मी येशूची प्रार्थना कधी केली नव्हती, मला ती येतही नव्हती, पण सिस्टरच्या वतीनं मी मोडकीतोडकी केली. बोटाखाली नाडी पुन्हा भरायला लागली तेव्हा कुठं मी डॉक्टरांकडं बघितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं? वय किती आहे यांचं?"

मला आता माहीत होतं. नक्की आकडा नव्हता, पण सत्तावन्न नाही एवढं माहीत होतं. आणि गेटसमोरच्या बाकावर आप्पा बसलेले मला ओटीत उभ्या उभ्या दिसत होते. मी म्हटलं, "सत्तावन्न, सर. मॉडेल चुकलं. सरासरीचं असतं ते, एखाद्याला नाही लागू पडत." आयुष्याची उमेदीची वर्षं मी त्या मॉडेलचा खरेपणा तपासण्यात घालवली होती, त्याच्यावर असा खोटा आळ मी कधी घेतला नव्हता. बिचाऱ्याला सत्तावन्नच सांगितलं होतं. सत्तावन्नसाठी ते बरोबरच वागत होतं.

पुढचं ऑपरेशन नीट झालं. मी हातानं, थेंबाथेंबानं औषध दिलं. पण औषध बंद केल्यावर सिस्टर उठायला तयार नव्हत्या. माझ्या हिशेबातली जागं होण्याची वेळ उलटून गेली. मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या कानाशी वाकून स्टेशनं म्हणू लागले. दौंड, पाटस, कडेठाण. दौंड, पाटस, कडेठाण. किती वेळा म्हटलं कोण जाणे. शेवटी ओठ हलले आणि त्या म्हणाल्या, "केडगाव." मी बाहेर जाऊन, बेसिनचा नळ सोडून, मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले, त्या बसायच्या तशी. इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "पानशेत फुटलं तेव्हा कुठं होतात सिस्टर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टाके दुखतात म्हणून पोट धरून हसल्या. "पुण्यात. नर्सिंगचं तिसरं वर्ष. पुराच्या पेशंटची पट्टी करायला आम्हाला रात्रंदिवस लावलं व्हतं."

मी बोटांवर हिशेब केला. सहासष्ट. नऊ वर्षं गिळून टाकली होती बाईनं. माझा संताप उफाळून आला. पेशंटला रागवू नये हे मला माहीत आहे, तरी मी रागावले. म्हटलं, यंत्र वय विचारतं ते कशासाठी, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. पाटाच्या पाण्याचं तुम्हीच मला सांगितलंत. दारूच्या वेळी माझी शाळा घेतलीत. आणि स्वतः? मेला असतात.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "कागदावर सहासष्ट लिवलं असतं, तर बरी हून मी कुठं गेले असते? त्या बाकावर, आप्पांच्या शेजारी. मला ओटीबाहेरचं काय येतं, बाई?" आणि थोड्या वेळानं, माझा हात धरून, "यंत्राला खोटं सांगितलं, व्हय. पन स्टेशनं तर तुम्हालाच सांगनार व्हते ना? तिथं कुणाला खोटं बोलता येत न्हाई. साठी उलटलेली बाई कडेठाणच्या पुढं जात न्हाई, हे तुमच्या वहीतच हाय. तुमचा हात कपाळावर व्हता. मी थांबले की तुम्ही आयकनार, एवढं मला म्हाईत व्हतं."

मी मान डोलावली. ऐकलं होतं लगेच, असंही म्हटलं. त्या समाधानानं डोळे मिटून पडल्या. मी तशीच बसून राहिले, आणि मला इतकी लाज वाटली की हात सोडवून घ्यायचंही धाडस झालं नाही.

केसपेपरवर सत्तावन्न तसंच राहिलं. माझ्या रजिस्टरात त्या दिवशीच्या ओळीत मी वयाचा रकाना खोडला आणि रिकामा ठेवला. स्टेशनच्या रकान्यात कडेठाण लिहिलं.

सिस्टर पुढं तीन वर्षं ओटीत होत्या. पंपही होता, पण मी आता एक पायरी चढवायच्या आधी खाली बघायचे. मग त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी स्वतःहून काम सोडलं. डॉक्टरांनी शाल दिली आणि हळूच मला विचारलं, साठ झाली का हो यांची? मी म्हटलं, होतच आली असेल, सर. सिस्टर शिरूरला परतल्या, मिशनच्या आवारातल्या एका भाचीकडं. त्यामुळं माझं मात्र सोयीचं झालं. रविवारी प्रार्थना सुटली की मी जायचे, गवती चहा घेऊन. त्या आता थकल्या होत्या, पण आठी शाबूत होती. मी मधे घेतलेला नवा पंप कसा आहे, वय अजून विचारतो का, सगळं विचारायच्या.

एका रविवारी त्या खाटेवर आडव्या होत्या आणि मी उशाशी. बोलता बोलता माझा हात त्यांच्या कपाळावर गेला, आणि मला ते आता मनात ठेवता येईना. मी सांगून टाकलं. कडेठाणला तुम्ही थांबलात तेव्हा मी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं, पण मानलं नाही. पडद्याकडं बघत होते. केडगावची वाट बघत होते. वरून औषध वाढवलं. अर्धं मिनिट गेलं असेल, जास्तच. तुम्ही विश्वास टाकलात तेवढी मी नव्हते.

सिस्टरनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"अर्धं मिनिट?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी माझा हात कपाळावर नीट बसवून घेतला, आणि डोळे मिटत म्हणाल्या, "दौंडात अर्ध्या मिनिटाला लेट कोन म्हनतं, बाई?"